एनसीसीच्या खोलीतली वही

१ जून २०२५, रविवार

आज १ जून. आमच्या पंचक्रोशीतल्या साठी ओलांडलेल्या निम्म्या माणसांचा दाखल्यावरचा वाढदिवस. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची तारीख आईबापाला सांगता आली नाही, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. ती पिढी रिटायर झाली, पण तारीख मागेपुढे सरकवायची खोड काही घरांतून अजून गेलेली नाही.

कॉलेजला सुट्टी आहे, तरी एनसीसीची खोली उघडून बसलो. एनडीएचे, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, फॉर्म सुटलेत. पहिलाच आला तो बारावी सायन्स झालेला, पलीकडच्या वाडीतला. पहाटे पळतो, गणित चांगलं, बोलणं मोजकं. जन्मतारीख सांगितली २० डिसेंबर २००६. या खेपेला १ जानेवारी २००७ ते १ जानेवारी २०१० या दरम्यानची तारीख लागते. बारा दिवसांनी बाहेर. आई सोबत होती. म्हणाली, "संक्रांत होऊन गेल्यावर झालाय हो हा. तिळगूळ वाटून हात धुतले आन् कळा सुरू झाल्या." पहिलीत एक वर्ष आधी बसवायचा म्हणून कुणीतरी त्याला महिनाभर मागे ओढला होता. यूपीएससी दहावीच्या सर्टिफिकेटवरची तारीख धरते. आईला काय आठवतं, याचा रकाना फॉर्मात नाही.

खरी हळहळ वेगळीच. एप्रिलच्या परीक्षेला बसला असता तर हाच मुलगा याच तारखेवर वयात होता. बारावीत शिकत असतानाच ही परीक्षा देता येते, वर्षातून दोनदा होते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. भरतीची तारीख मात्र वाडीतल्या लहान पोरालाही पाठ असते. आमच्याकडे कोणत्या मैदानावर सोळाशे मीटर किती मिनिटांत मारायचे, यावर पानटपरीवर वाद होतात. अधिकारीपदाचं कमिशन कसं मिळतं, यावर कधी झालेला ऐकला नाही.

त्याला कागदावर लिहून दिलं. पदवीला ये, एनसीसीत ये. पदवीनंतर सीडीएसची परीक्षा: डेहराडूनच्या आयएमएसाठी चोविशीपर्यंत, चेन्नईच्या ओटीएसाठी पंचविशीपर्यंत. एनसीसीचं सी सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने आणि पदवीला ५० टक्के असतील, तर 'स्पेशल एन्ट्री'तून लेखी परीक्षा न देताच एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीपर्यंत जाता येतं. हवाई दलाची एएफकॅट वेगळी. इंजिनिअरांना, वकिलांना त्यांच्या त्यांच्या वाटा. नोकरी करता करता टेरिटोरियल आर्मीत यायचं तर बेचाळिशीपर्यंत मुभा. प्रत्येक ओळीपुढे वय लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. बाकी सगळं कष्टाने मिळवता येतं, वय तेवढं येत नाही.

आईने कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. मुलाने मागितला तर दिला नाही.

३ जून, मंगळवार

शुक्रवारी खडकवासल्याला १४८व्या कोर्सचं दीक्षान्त संचलन झालं. त्याचा व्हिडिओ आमच्या माजी सीनियर अंडर ऑफिसरने मोबाइलवर आणून दाखवला. एनडीएतून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या सतरा मुली. तिने तो एवढ्या वेळा पाहिलाय, की कोणत्या क्षणी कॅमेरा कुठे वळतो हे ती आधीच सांगत होती.

या सतरा जणींच्या मागे एक कोर्टाचा कागद आहे. १८ ऑगस्ट २०२१ ला सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश दिला, मुलींना परीक्षेला बसू द्या. त्याच नोव्हेंबरात त्या बसल्या, २०२२ मध्ये अकादमीत शिरल्या, तीन वर्षांनी 'अंतिम पग' ओलांडून बाहेर. एनडीएची कोनशिला १९४९ ची, उद्घाटन १९५५ चं. मधल्या काळात माझ्या हाताखालून गेलेल्या किती मुलींना मी "तुमच्यासाठी पदवीनंतर" एवढंच सांगू शकत होतो.

पदवीनंतरची वाट मात्र जुनी. १९९२ पासून मुली लष्करात अधिकारी होताहेत. सातारकरांना ती वाट कळली ती स्वाती महाडिकांमुळे. कर्नल संतोष महाडिक, आमच्याच पोगरवाडीचे, नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात गेले. त्यांच्या पत्नी सप्टेंबर २०१७ मध्ये ओटीएतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. वीरपत्नींसाठी ओटीएत जागा असतात, त्यांना यूपीएससीची लेखी परीक्षा नसते, वयातही सवलत असते. एसएसबी मात्र कुणालाच चुकत नाही.

आमच्या एसयूओला याच महिन्यात पत्र अपेक्षित आहे. स्पेशल एन्ट्रीत अख्ख्या देशातल्या मुलींसाठी जागा किती? सहा. त्यातलीही एक युद्धात कामी आलेल्या किंवा जखमी झालेल्यांच्या मुलींसाठी. तिला हे मी सांगितलं नव्हतं, तिनेच मला सांगितलं आणि हसली.

११ जून, बुधवार

मराठा लाइट इन्फंट्रीतला एक जवान सुट्टीवर आलाय. आमचाच जुना कॅडेट, बारावीनंतर भरती झाला. संध्याकाळी घरी आला तो गणिताचं पुस्तक घेऊन. बायकोला वाटलं, कुणाची तरी शिकवणी लावायला आलाय. तो स्वतःसाठीच आला होता.

त्याला एसीसीला बसायचंय. आर्मी कॅडेट कॉलेज. सैन्यात दोन वर्षं नोकरी झालेल्या, वीस ते सत्तावीस वयाच्या, बारावी पास जवानाला अधिकारी होण्याची ही वाट आहे. लेखी परीक्षा, मग बाकीच्यांसारखीच एसएसबी, मग डेहराडूनला तीन वर्षं शिकून पदवी, वर एक वर्ष आयएमए. हे कॉलेज पूर्वी आपल्या पुण्यातच होतं, १९७७ ला डेहराडूनला गेलं.

म्हणाला, "सर, पलटणीत सगळे विचारतात, एवढा अभ्यास करून काय करणार? भेटलंय ते काय वाईट आहे?" मी म्हटलं, त्यांना रामा राघोबा राण्यांबद्दल विचार. कारवारकडचा माणूस. १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये साधा जवान म्हणून भरती. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढला. डिसेंबर १९४७ मध्ये कमिशन मिळालं, आणि चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ ला, नौशेरा ते राजौरीच्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत, जखमी असताना, रणगाड्यांना वाट करून देत पुढे गेला. परमवीरचक्र. पोरगं मराठा पलटणीतलं, सॅपर्सची गोष्ट त्याला नवी होती. वहीत नाव लिहून घेतलं.

गणितात लसावि-मसाविपासून सुरुवात केली. पाढे पक्के आहेत. इंग्रजीचं काय करायचं ते उद्या बघू.

१९ जून, गुरुवार

फॉर्मचे शेवटचे दिवस, सर्व्हर रडतोय. एकीचा फोटो नाकारला, एकाची सही मोठी झाली. मुलींना फी नाही, मुलांना शंभर रुपये. तेवढ्यासाठी मित्राचं यूपीआय शोधत तिघे गावभर फिरले. पाऊस जोरात.

२८ जून, शनिवार

पालखी जिल्ह्यात आहे. कॅडेट बंदोबस्ताला मदतीला गेले. गर्दीत उभं राहून दोर धरणं, पाण्याच्या टँकरला वाट करून देणं, चुकलेल्यांना तंबूत आणणं. एसयूओचं कॉलेज संपलंय, तरी ती आली.

दुपारी एका अरुंद वळणावर टँकर आणि दिंडीचा ट्रक समोरासमोर अडले. मागे माणसांची रांग, पुढे ऊन. दोन्ही ड्रायव्हर हटेनात. तिने आधी टाळकऱ्यांना विनंती करून डावीकडच्या शेतात उतरवलं, शेतमालकाला शोधून काढलं, तो ओरडायच्या आत त्याला "काका, तुमच्या बांधाला हात लागणार नाही" म्हणून शब्द दिला, आणि ट्रक मागे घ्यायला एकाला पाठीमागे उभा केला. वीस-पंचवीस मिनिटांत रस्ता मोकळा. मग तिने कॅडेटांना बांधावरचे दगड परत लावायला लावले. मी लांबून बघत होतो. मध्ये पडलो नाही, पडायची गरजच नव्हती.

९ जुलै, बुधवार

एसयूओला एसएसबीचं पत्र आलं, भोपाळ. पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेभाडं मिळतं, म्हणून तिकिटं जपून ठेव, हा पहिला सल्ला. बाकीच्या सल्ल्यांची तिला वाण नाही. पुण्यातल्या एका क्लासच्या नोट्स तिच्याकडे आल्यात. जाड वही. चित्र दिसलं की काय लिहायचं, शब्द दिसला की कोणतं वाक्य टाकायचं, सगळं तयार.

एसएसबी पाच दिवसांची. पहिल्या दिवशी चाळणी: बुद्धीच्या चाचण्या आणि तीस सेकंद दाखवलेल्या अंधूक चित्रावर चार मिनिटांत गोष्ट, मग त्यावर गटात चर्चा. दुपारपर्यंत बरेच जण पिशव्या उचलून स्टेशनवर. उरलेल्यांच्या छातीवर नंबर, आणि पुढचे दिवस नावाने कुणी हाक मारत नाही. मानसशास्त्राच्या दिवशी बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. साठ प्रसंग, तीस मिनिटं. मग मैदान: फळी, बल्ली, दोर घेऊन खड्डा ओलांडायचा, लाल रंगाला कुणी शिवायचं नाही. मुलाखत. शेवटी कॉन्फरन्स, जिथे सगळे अधिकारी अर्धवर्तुळात बसतात आणि दोन-चार मिनिटांत पाच दिवसांचा निकाल पक्का करतात. एकाने विचार वाचलेले असतात, दुसऱ्याने बोलणं ऐकलेलं, तिसऱ्याने हातपाय बघितलेले. मनसा, वाचा, कर्मणा, असं तिथले लोकच म्हणतात. तिघांचं एका माणसावर जुळलं पाहिजे.

पंधरा गुणांची एक यादी असते. बुद्धी, तर्क, आखणी, व्यक्त होणं इथून सुरू होते आणि धाडस शेवटच्या गटात येतं, चिकाटी आणि दमाच्या शेजारी. आमच्या पोरांना हे दाखवलं की त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांना वाटतं, धाडस पहिलं असणार, बाकीचं नंतर शिकवतील. मला वाटतं, यादीचा क्रम लावणाऱ्याने लढाई जवळून पाहिली असावी.

तिला वही बाजूला ठेवायला सांगितलं. तिने मान हलवली आणि वही पिशवीत टाकली.

२२ जुलै, मंगळवार

परत आली. कॉन्फरन्स आउट. चाळणीतून पार झाली, पाचही दिवस राहिली, शेवटच्या यादीत नंबर नाही.

आजचं पान लांबणार. तिने सगळं सांगितलं, आणि मी लिहून ठेवतोय ते पुढच्या मुलांसाठी.

मैदानावर छान झालं, असं तिचं म्हणणं, आणि माझा त्यावर विश्वास आहे. फळी कुठे टाकायची हे तिला दिसतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ऊस रचणाऱ्या घरात वाढली, कुठलं वजन कुठे पेलेल हे तिला शिकवावं लागत नाही. कमांड टास्कमध्ये तिने मदतनीस म्हणून निवडला तो मागच्या टास्कमध्ये सगळ्यात कमी बोललेला मुलगा. का, असं विचारलं तर म्हणाली, "सर, त्याला काहीतरी करायचं होतं पण कुणी करूच देत नव्हतं."

अडलं ते कागदावर आणि मुलाखतीत. चित्रांच्या गोष्टींमध्ये तिचे नायक सगळे तिच्या क्लासच्या वहीतले. एकाने अतिरेकी पकडला, एकाने पुरातून चाळीस जणांना वाचवलं, एकाने गावात एकट्याने वाचनालय उभं केलं. पूर तिने पाहिलाय. २०१९ मध्ये दहावीत असताना कृष्णेचं पाणी मामाच्या घरात शिरलं, तेव्हा जनावरं सोडवायला ती गेली होती. पण ते लिहावं, असं तिला वाटलंच नाही. "ते तर आमचं घरचंच होतं ना, सर."

मुलाखतीच्या आधी एक फॉर्म भरतात, पीआयक्यू म्हणतात. घर, शिक्षण, खेळ, छंद, अंगावर घेतलेल्या जबाबदाऱ्या. छंदाच्या जागी तिने लिहिलं, वाचन. शेवटचं पुस्तक कोणतं, असं विचारल्यावर तिने डॉ. कलामांचं नाव घेतलं, आणि पुढच्या तीन प्रश्नांत ते पुस्तक तिने पूर्ण वाचलं नसल्याचं दोघांनाही कळलं. जबाबदाऱ्यांच्या रकान्यात 'एसयूओ' लिहिलं आणि थांबली. वडील बाहेरगावी असताना गेली चार वर्षं शेताचं सगळं गणित तीच बघते. मजुरी, पाण्याची पाळी, सोसायटीचं कर्ज. ते नाही लिहिलं. गेल्या महिन्यात रस्ता मोकळा केला, ते नाही सांगितलं. अधिकाऱ्याने विचारलं होतं, "तुमच्यामुळे काहीतरी सुटलं, असा अलीकडचा प्रसंग सांगा." तिने वहीतला सांगितला: कॉलेजच्या स्नेहसंमेलनात वीज गेली आणि मी जनरेटर आणला. जनरेटर कुठून आणला, किती केव्हीएचा, भाडं कोणी दिलं, असं त्याने विचारलं.

मी रागावलो नाही. राग आला तो त्या वहीचा. पुस्तकी शूरपणा विकणाऱ्यांनी या मुलांना पटवून दिलंय, की तुमचं जगणं सांगण्यासारखं नाही. आणि पोरांनी ते विकत घेतलं, पैसे देऊन. एसएसबीतल्या लोकांना जनरेटरचं काही पडलेलं नसतं. समोरची मुलगी रोज जे करते ते बघायचं असतं, आणि तिने तेच झाकून ठेवलं.

आता पुढे? १४ सप्टेंबरला सीडीएस आहे, तिचा फॉर्म भरलेला आहे. ओटीएसाठी फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, गणित नाही. लेखी निघालं तर एसएसबी पुन्हा. तेव्हा क्लासला नको, नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात जायचं, सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र घेऊन. राज्य सरकार चालवतं. राहणं, जेवण, शिकवणं सगळं मोफत. जिल्ह्यात याची माहिती असलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. खासगी क्लासच्या जाहिराती मात्र एसटीच्या मागे दिसतात.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाला एसयूओचे वडील पाहुणे. माजी सुभेदार मेजर, ऑनररी कॅप्टन. आम्ही त्यांना आबा म्हणतो, गाव कॅप्टनसाहेब म्हणतं, आणि घराच्या फाटकावर पाटी तशीच आहे.

आमच्या भागात 'कॅप्टन' ही पदवी म्हातारपणीची. तीसेक वर्षं नोकरी करून, शिपायापासून एकेक पायरी चढत सुभेदार मेजर झालेल्या मोजक्यांना २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला तो मान मिळतो. त्यामुळे लोकांना वाटतं, कॅप्टन म्हणजे शेवट. अकादमीतून बाहेर पडलेला बावीस वर्षांचा मुलगा लेफ्टनंट म्हणून सुरुवात करतो आणि दोन वर्षांत कॅप्टन होतो, हे सांगितलं की ऐकणारा आधी आबांकडे बघतो.

आबांनी भाषण केलं नाही, दोन वाक्यं बोलले. मग चहाला मला म्हणाले, "सर, माझ्या पहिल्या कंपनी कमांडरला मी सलाम ठोकला तेव्हा त्याला नीट मिसरूड नव्हती. तेव्हा राग यायचा. मग एकदा त्याच्यासोबत बर्फात दोन महिने काढले." पुढे काही बोलले नाहीत. मुलगी जवळच उभी होती. मी विचारलं, हिला सलाम ठोकायची वेळ आली तर? म्हणाले, "कडक ठोकीन. पण आधी तिने ते इंग्रजी पेपर वाचायला पाहिजेत. नुसते चाळते."

अपशिंगे इथून लांब नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्याचं स्मारक तिथे आहे. जवान देण्यात आमचा जिल्हा कधी मागे राहिला नाही. अधिकारी देण्यात राहिला, आणि त्याचं कारण धैर्यात शोधू नये, एवढंच मला वाटतं.

२० ऑगस्ट, बुधवार

आबांनी कात्रण आणून दिलं. अकादमीत प्रशिक्षण घेताना अपघात होऊन कायमचे अपंग झालेल्या कॅडेटांचा प्रश्न सुप्रीम कोर्टाने स्वतःहून हाती घेतलाय, सोमवारी सुनावणी झाली. १९८५ पासून असे सुमारे पाचशे जण, असं बातमीत आहे. कमिशन मिळण्याच्या आधी अपघात झाला म्हणून ते माजी सैनिक ठरत नाहीत, त्यामुळे माजी सैनिकांचे मोफत उपचार नाहीत. पेन्शनऐवजी एक ठरावीक रक्कम, ती उपचारांना पुरत नाही.

आबा म्हणाले, "हे पण सांगत जा पोरांना." सांगणार. काही पालकांचे चेहरे उतरतील, तरी सांगणार. एनडीएत जाणाऱ्याचं वय सतरा-अठरा असतं, सही आईबापाला करावी लागते. कशावर सही करतोय ते माहीत असलेलं बरं.

२४ ऑगस्ट, रविवार

एनसीसीची निवड. उंची, पळणं, छोटी लेखी. वाडीतला तो डिसेंबरचा मुलगा बी.एस्सी.ला आलाय, पळण्यात पहिला. घेतला.

निवडीत मी एक गोष्ट आपली म्हणून घातलीय: रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचायला लावतो. लाल-हिरवा नीट दिसत नसेल तर ते मैदान मारून, अभ्यास करून, एसएसबी निघून, शेवटी मिलिटरी हॉस्पिटलच्या मेडिकलला कळण्यापेक्षा आज कळावं. वैमानिक व्हायचं असेल तर आणखी एक लक्षात ठेवायचं. हवाई दलाची वैमानिक निवडीची कॉम्प्युटरवरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. गेली की गेली, मग बाकी शाखा आहेत पण विमान नाही.

त्याची आई पुन्हा आली होती, या वेळी दहावीतल्या मुलीला घेऊन. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून सरकारी सैनिकी सेवापूर्व संस्था आहे, दहावीनंतर दोन वर्षं ठेवून एनडीएची तयारी करून घेते, पण ती मुलांची. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ ला नाशिकला सुरू झाली. प्रवेशपरीक्षा दहावीच्याच वर्षी असते, म्हणून आत्ताच आलात ते बरं झालं म्हटलं. बाई म्हणाल्या, "हिची तारीख दवाखान्यातली आहे. पंचायतीत मी स्वतः उभी राहून लिहून घेतली."

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. रात्रभर ढोल, सकाळी परेडला निम्मी हजेरी, आणि आलेले अर्धे झोपेत. एनडीएला बसणाऱ्यांना मात्र गणिताला बसवलं. १२० प्रश्न, अडीच तास, ३०० गुण. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापतात. गावची पोरं एकही गोळा कोरा सोडायला तयार नसतात, ती सवय मोडायला महिना गेला. लेखीची कटऑफ अलीकडे ९०० पैकी तीनशेच्या आसपास राहिलीय, म्हणजे येतं तेवढंच नीट केलं तरी पुरतं. पुढे एसएसबीचे आणखी ९०० उभेच आहेत.

प्रशिक्षणात अपंग झालेल्या त्या कॅडेटांना माजी सैनिकांच्या योजनेतले उपचार द्यायचं सरकारने मान्य केल्याची बातमी आली. आबांना फोन केला, त्यांनी ती आधीच कापून ठेवली होती.

जवान पलटणीत परतलाय. व्हॉट्सअॅपवर त्रिकोणमितीची गणितं पाठवतो, रात्री अकराला, गार्ड ड्यूटी संपल्यावर. उत्तरं बहुधा बरोबर असतात.

१४ सप्टेंबर, रविवार

पहाटेच्या एसटीने पुणे. खंबाटकीच्या बोगद्यानंतर सगळे जागे झाले. सीडीएसवाल्या दोघी आणि एनडीएवाले, केंद्रं वेगवेगळी, मी एकाच केंद्राबाहेर चहाच्या गाड्याजवळ. आबा पण आले होते, सैनिकी थाटात, बुटांना पॉलिश. एका रिक्षावाल्याने त्यांना केंद्राचे सुपरवायझर समजून रस्ता करून दिला.

एसयूओ दुपारी मोकळी झाली. इंग्रजी बरं, सामान्य ज्ञानात काही सोडले. किती, असं विचारलं नाही. सोडले, हेच चांगलं.

परतीच्या एसटीत तिने वही काढली. जुनी नव्हे, नवी, दहा रुपयांची. पीआयक्यूचे रकाने आखलेले आणि त्याखाली तिने स्वतः केलेल्या गोष्टी, तारीख-वारासकट. पालखीतला टँकर पहिला. सोसायटीचं कर्ज फेडायचं वेळापत्रक. पुरात सोडवलेली जनावरं. मोटार जळल्यावर शेजारच्या विहिरीवरून पाणी घ्यायला भाऊबंदांशी केलेली बोलणी, त्यापुढे कंसात 'निम्मी यशस्वी'. मला ते 'निम्मी' फार आवडलं.

आबांनी चष्मा लावून सगळी यादी वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे म्हशीचं बाळंतपण कशाला? सैन्याला म्हशीचं काय?"

"आबा, डॉक्टर येईपर्यंत मीच होते तिथे. विचारलं तर अर्धा तास बोलू शकते मी त्यावर."

आबांनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, "मग तारीख नीट लिही. ते फेब्रुवारीत झालं, तू मार्च लिहिलंयस. आणि रेडकू पायाकडून येत होतं, ते पण लिही. ती मोठी गोष्ट आहे."

तिने खोडून लिहिलं. शिरवळला वडापाव खायला थांबलो तेव्हा दोघांचा वाद सुरू होता, पाण्याची बोलणी निम्मी यशस्वी की पाऊण.